सोफ्यामागचं आयर्लंड

(कॅल्गरी, २००८. राजन यांचं बेसमेंट, रविवारची सकाळ. महाराष्ट्र मंडळाच्या एकांकिकेची तालीम; विषय १९२० सालचा आयर्लंडचा ब्रिटिशांविरुद्धचा स्वातंत्र्यलढा. आडवा पाडलेला सोफा म्हणजे दगडी कुंपण, हॉकी स्टिक म्हणजे बंदुका.)

शैलेंद्र : पुन्हा उभे राहिलात, राजनकाका! अँबुश आहे हा, दबा धरून बसायचंय. लॉरी वळणावर येईपर्यंत तुमचं टक्कलसुद्धा दिसता कामा नये.

राजन : मी आधी आवाज देणार. ‘शस्त्रं खाली ठेवा.’ मग गोळी.

शैलेंद्र : वा! कॉफीपण विचारा. ब्रिटिश सोल्जर आहेत ते, काका. आयर्लंडमध्ये घरं जाळत सुटलेत. तुम्ही बंडखोरांचे कॅप्टन, आणि तुमच्याकडे मूठभर बंदुका. हाक मारलीत तर तुम्हीच मराल.

राजन : बेसावध माणसाला आडोशामागून मारायचं. ही लढाई? चोरटे साले.

शैलेंद्र : अच्छा! मग शिवजयंतीला मंडळाच्या पोरांना गनिमी कावा कोण शिकवतं? टेबलावर चढून खिंड दाखवता तुम्ही.

राजन : ते वेगळं.

शैलेंद्र : कसं? टेबल उंच होतं म्हणून?

राजन : ते आपले लोक होते.

शैलेंद्र : हां. म्हणजे आपला लपला की शूर, दुसऱ्याचा लपला की चोर. छान इतिहास आहे.

राजन : इतिहास मला नको शिकवूस. माझा मुलगा नील आत्ता अफगाणिस्तानात, कंदाहारला अशाच ट्रकमध्ये बसलाय. कॅनडाचा युनिफॉर्म घालून.

शैलेंद्र : माहितेय, काका. आय अ‍ॅम सॉरी. पण ते वेगळं...

जयंती : कसं? टेबल उंच आहे म्हणून?

शैलेंद्र : काकू! तुम्ही कधी आलात?

जयंती : जिन्यावरच आहे मघापासून. काय तुमचं शौर्य! एकाची ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला की कंबर धरते, दुसरा हीटर लावल्याशिवाय गाडीत बसत नाही. आणि म्हणे दिवसभर चिखलात पडून राहणार. अहो, सांगा ना त्याला, एअरपोर्टवर नीलला काय म्हणालात ते.

राजन : जयंती, पुरे.

जयंती : ‘आपल्या रक्तातच आहे.’ छाती काढून म्हणाले. पाइपलाइनची ड्रॉइंग्ज करण्यात जन्म गेला यांचा.

राजन : गेल्या रविवारी तो म्हणाला, बाबा, रस्त्याच्या कडेला कोण बसलंय ते कळतच नाही.

शैलेंद्र : ...मग तुम्ही लॉरीतला ब्रिटिश सोल्जर करा, काका. कॅप्टन मी करतो.

राजन : डायलॉग काय आहेत त्याचे?

शैलेंद्र : डायलॉग नाहीत. लॉरीतून खाली पडायचं.

राजन : नाव?

शैलेंद्र : शत्रूला कशाला नाव? सोल्जर नंबर दोन.

जयंती : बघा. तेवढं तरी सोपं आहे, पाठांतर नको.

राजन : नाही. मी कॅप्टनच राहतो. पण एक हाक मारू दे मला, शैलेंद्र. एकच. डोकं खाली घालायला वेळ मिळेल त्यांना.

शैलेंद्र : अहो, मग अँबुश फसेल!

राजन : फसू दे.

जयंती : फसवा नाहीतर जिंका, आधी हा सोफा सरळ करा. नीलच्या फोनची वेळ झाली, आणि फोन तुमच्या कुंपणामागे राहिलाय.