नेलपॉलिशचे ठिपके

तुम्ही हससान, पण रोबोटच्या स्पर्धेत मी सकाळपासून एका उमरखेडच्या पोरावर चोरावानी नजर ठेवून होती.

आमच्या रोबोटचा गिअरबॉक्स मी बनवलता. जेवणाच्या डब्याएवढा, पण त्यात दोन गिअर, एक पळायचा अन् एक चढायचा. मधात न्यूट्रल, हातानं ढकलता यावा म्हणून. घरच्या फरशीवर मस्त चालला. स्पर्धेत चढ बी चढला, पण उतारावर सुसाट सुटला अन् फळीवर आदळला. दोन्ही फेऱ्यायत तेच!

गिअरमध्ये असला का मोटर त्याले उतारावर धरून ठेवते. तरी सुटला, म्हणजे कोणीतरी गिअरबॉक्स खोलून गडबड केली. अन् बाजूच्या टेबलावरचा तो उमरखेडचा पोरगा सारखा आमच्याकडेच पाहे.

"काय पाहून राह्यला?" मी इचारलं.

"मस्त बनवलं, म्हणून पाहून राह्यलो."

इतकं गोड बोलला, म्हटलं हाच! मी गिअरबॉक्सच्या साऱ्या स्क्रूवर नेलपॉलिशचे ठिपके लावले, कोणी स्क्रू फिरवला का ठिपका तुटलाच. पाणी प्याले बी हलली नाही.

तिसरी, शेवटची फेरी. ठिपके जसेच्या तसे, तरी माझं मन मानेना. रिमोट आमच्या पल्लवीच्या हातात होता. यावेळी मी तिच्याच अंगठ्याकडे पाह्यलं. उतार लागला, अन् बाईनं गिअर न्यूट्रल केला. धाडकन फळीवर!

"काहून वं?" मी ओरडली.

"सवय झाली ना. उतारावर पेट्रोल वाचते."

"अवं, बॅटरीवर चालते तो! कोणी शिकवलं तुले हे?"

"तूच! आर्णीत तुह्या बाबाच्या गाडीवर."