तिसरा कागद

अगं बायांनो, कप ठेवा खाली अन् ऐका. अंबडच्या आमच्या कारखान्यात तिघं डायरेक्टर हायेत, माझी दोन पोरं अन् मी. कायबी करायचं तर माझी सही लागते.

दिवाळीपासून पोरांचं बोलणं बंद. मंगळवारी धाकटा संजू कागद घेऊन आला. "आई, साधंच हाय, इथं सही कर." मी म्हटलं, ठेव, चष्मा सापडंना. गुरुवारी मोठा दिलीप आला. तसाच कागद, तेच बोलणं. मी दोन्ही वाचले की. संजूच्या कागदात दिलीपला डायरेक्टरपदावरनं काढायचं होतं, दिलीपच्या कागदात संजूला.

रविवारी दोघांना जेवायला बोलावलं अन् मुद्दाम एकाचा कागद दुसऱ्याच्या हातात दिला. "मला दिसत नाय, मोठ्यानं वाचा."

दिलीप वाचता वाचता स्वतःच्या नावापाशी अडकला. संजूचंबी तेच झालं. मग संजू म्हणाला, "आई, तू कुणाच्या कागदावर सही करणार होतीस?"

"तिसऱ्या," मी कमरेला खोचलेली कागदाची घडी दाखवली. "ह्याच्यात तुम्हा दोघांनाबी काढलंय. कारखान्याचं भलं बघायला डायरेक्टर केलं तुम्हाला, एकमेकाचे पाय ओढायला नाय."

दिलीपनं संजूच्या हातातला आपला कागद घेऊन फाडला. मग संजूनं स्वतःचा. आज दोघं एकाच गाडीत अंबडला गेले, तवा माझ्या जिवात जीव आला.

ती घडी म्हंजे किराण्याची यादी होती. एकानंबी उघडून बघितली नाय. अन् म्हणे, आई, इथं सही कर.