माणिकचा सागवानी मनोरा

...नाही, पण तुम्हीच सांगा, माणूस रंगीत टीव्ही कशासाठी घेतो? शेपूट बघायला? टावर चौकातून हातगाडीवर घालून आणला, गल्लीत पहिली केबल आमच्याकडे आली, म्हटलं आता मॅच बघू ऐटीत, तर हा माणिक... माणिक म्हणजे आमच्या अक्काचा बोका, नारिंगी, उशीएवढा... हा चढून बसला टीव्हीवर, कारण टीव्ही वरून छान गरम असतो ना, आणि शेपूट सोडलं खाली, ऐन पडद्यावर. बातम्या देणाऱ्या बाईंना मिशा. बॉलर धावत येतो, शेपटात शिरतो, पलीकडून लोक नाचत बाहेर पडतात, आऊट कोण झालं कुणास ठाऊक.

अक्का माझी थोरली बहीण. जन्मभर शाळेत भूमिती शिकवली आणि रिटायर होऊन आमच्याकडे आली ती एक पेटी आणि हा बोका घेऊन. मी एक दिवस चिडून बोललो, "अक्का, संक्रांत झाली की हा नानाखेड्याच्या दूधवाल्याकडे जाणार." अक्काचा घास हातातच राहिला. म्हणाली, "रमेश, त्याला उंच आणि उबदार जागा पाहिजे, बस. ती मी करून दिली तर राहील ना तो?" मी म्हटलं राहील. शब्द दिला. मला काय माहीत, बाई करवत चालवते!

दुसऱ्या दिवशी देवास गेटजवळ लाकडाच्या पीठ्यावर, म्हणजे वखारीत. मी पिशवी धरून मागे. सेठ म्हणतो, "दीदी, बिल्ली के लिए सागवान? हमारे घर का तो पलंग भी आम की लकड़ी का है." अक्का म्हणाली, "फिर तो हिलता होगा." सेठ लगेच सागवान काढायला उठला. हलत असणार.

मग बोक्याची मापं. लांबी, उंची, उडी. उडीचं माप घ्यायला मी माशाचा तुकडा धरून स्टुलावर, आमच्या जन्मात घरात मासा आला नव्हता. माझी बायको शैला नाकाला पदर लावून म्हणते, "अहो अक्का, बोका आहे तो, जावई नाही." अक्का पेन्सिल कानावर ठेवून म्हणाली, "जावई एवढ्या वेळा चढ-उतर करत नाही, शैला." काम मात्र एक नंबर, तुम्हाला सांगतो. खिळा नाही, नुसत्या खाचा, एकात एक बसवलेल्या. पायऱ्या वर जाताना निमुळत्या होत गेलेल्या, मधल्या खांबाला नखं घासायला काथ्या, वर माझा जुना स्वेटर, आणि सगळा मनोरा खिडकीतल्या उन्हात. मला म्हणाली, "ढकल." मी ढकललं, मीच मागे सरकलो.

माणिकने आधी दोन दिवस ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी चढला, फिरला, बसला. टीव्ही मोकळा. मी अख्खी मॅच पाहिली, सगळे आऊट डोळ्यांनी पाहिले. आपण हरलो, तरी काय सुख!

आणि मग आला भाद्रपद. आता आपल्या मराठी बायकांना घरात पायऱ्या दिसल्या की महालक्ष्म्यांची आरास दिसते, त्याला कोण काय करणार? शैलाने क्षिप्रेचं पाणी शिंपडलं, झाला बोक्याचा मनोरा शुद्ध, वर चंदेरी साडी अंथरली, पायरीपायरीवर करंज्या, खेळणी, समया. हळदीकुंकवाला आलेल्या मधुरावहिनी म्हणतात, "अगंबाई, हे कुठून मागवलंत? नवरात्रात आम्हाला द्या हं." म्हटलं, आता अक्का भांडेल. कसली भांडते? साडीचा काठ उचलून त्यांना खाचा दाखवत होती. काम एक नंबर, नाही कोण म्हणतंय? पण नवरात्रात मनोरा मधुरावहिनींकडे, तिथून दत्तजयंतीला शेजारच्या भय्यासाहेबांकडे, चैत्रगौरीला आणखी कुठे. अक्काला म्हटलं, दुसरा कर. म्हणाली, "करतेय ना, पण तो गल्लीतल्या अनसूयाबाईंनी आधीच सांगून ठेवलाय."

आणि माणिक? टीव्हीवर. दूधवाल्याकडे पाठवू म्हणता? शब्द दिलाय हो. जागा करून दिली तर राहील, असं मीच म्हटलं होतं, आणि जागा तिने करून दिली, ती फिरतीवर आहे हा तिचा दोष नाही.

काल फायनल होती. भय्यासाहेब खिडकीतून विचारतात, "रमेश, क्या स्कोर हुआ?" म्हटलं, दोनशे चौदा झालेत. विकेट किती पडल्या, ते माणिक उठला की सांगतो.