काचेपलीकडचा हात

मुलांनो, संभाजीनगरातल्या एका दवाखान्याचा बाक डोळ्यांसमोर आणा. कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या, कानठळ्या बसवणाऱ्या प्रेस मशीनवर राबलेल्या कामगारांच्या कानांवर तिथं संशोधन चालू आहे. बजाजनगरचे कडूबा आजोबा तपासणीच्या खोलीतून नुकतेच बाहेर आलेत. काचेपलीकडची बाई कळ दाबून हेडफोनमध्ये बारीक आवाज सोडते आणि तो ऐकू आला की आपण बटण दाबायचं, अशी ती तपासणी. नात दिपाली त्यांच्या कानाशी मोठ्यानं बोलते. आपण कुजबुजतोय असं आजोबांना वाटतं, पण साऱ्या बाकाला ऐकू येतं.

"झालो का नाय पास?"

"आबा, हळू! तुम्हाला सगळे आवाज खरंच ऐकू आले?"

"आवाज कुठला गं! काचेतून त्या बाईचा हात दिसतो. तिनं कळ दाबली, की मी बटण दाबलं. कंपनीतल्या तपासणीत वीस वर्षं असंच केलं."

"का पण?"

"बहिरा म्हणून प्रेसवरून काढलं असतं."

"आता कोण काढतंय तुम्हाला?"

"कानात मशीन घालून पारावर बसू व्हय? लोक हसतील."

"आबा, तुम्ही असे पास झालात तर डॉक्टर लिहितील, प्रेसवर कानांना काही होत नाही म्हणून. पप्पा आता त्याच प्रेसवर आहेत ना? आजकाल तेही टीव्ही मोठा करतात."

आजोबांनी वळून तपासणीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"लई वंगाळ केलं मी. आता कोणत्या तोंडानं सांगू त्या बाईला?"

दिपाली उठली, तपासणीच्या खोलीत गेली आणि आतली खुर्ची तिनं काचेकडं पाठ करून ठेवली. मग बाहेर येऊन तिनं आजोबांचा हात धरला आणि त्यांना पुन्हा आत नेलं.