नॉर्मन शॅकलॉक यांच्या गाडीतली परकी सीट

माननीय अध्यक्ष श्रीमती टनिक्लिफ, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती नॉर्मन शॅकलॉक, त्यांच्या पत्नी बेरिल, आणि खुर्च्या सोडून चहाच्या किटलीजवळ उभे असलेले क्लबचे सभासदहो,

बावीस वर्षं नॉर्मननी आपल्या जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांचं परीक्षण केलं. स्क्रू वेगळा दिसला की गुण कापले, सीट दुसऱ्या गाडीची असली की गाडीच नापास. माझे गुण त्यांनी चार स्क्रूंसाठी कापले होते. तेव्हा मी काय म्हणाले, ते इथे बसलेल्या पाद्रीसाहेबांसमोर सांगण्यासारखं नाही. आणि ज्याची गाडी नापास, तो परीक्षक राहू शकत नाही, हा नियम कोणी केला? यांनीच.

गेल्या वर्षी बेरिलच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. नॉर्मनच्या हिरव्या एमजी गाडीची सीट इतकी खोल, की तिला उठवायला दोन माणसं लागायची. चाळीस वर्षं दर रविवारी शेजारी बसणारी बाई घरी राहू लागली. एप्रिलमध्ये नॉर्मन माझ्या गॅरेजात आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "ग्वेन, माझदा गाडीच्या उंच सीट बसतील का गं हिच्यात?" मी हसले. ते हसले नाहीत.

भंगारातल्या एका माझदाच्या सीट काढल्या. खालची भोकं जुळेनात, रुंदी मधे अडे. नव्या पट्ट्या कापल्या, घासल्या. दोन दिवस नॉर्मन माझ्या डोक्यावर उभे. "हळू घास गं, पोरी." मी एकसष्ट वर्षांची आहे, असो. उंची मात्र आम्ही मोजली कापडी छत उतरवून. आपल्यात छत लावतं कोण? पावसातसुद्धा लाज वाटते.

पहिल्याच फेरीला मॅटलॉकपाशी पाऊस आला. बेरिल सोबत, म्हणून छत लावावंच लागलं. ती बुटकी, आरामात बसली. नॉर्मनचं डोकं छताच्या कापडात रुतलं.

"नॉर्मन, मान वाकडी करून काय चालवतोयस?"

"डोंगर बघतोय."

"रस्ता बघ की!"

मग नॉर्मनच्या बाजूला जुनी सीट परत बसवली. डावीकडे माझदा, उजवीकडे अस्सल. आंधळ्यालाही कळावं असं.

जूनच्या प्रदर्शनाआधी मीच सुचवलं, "एका दिवसाचा प्रश्न आहे. तिचीही जुनी सीट लावते, तासाभराचं काम. बेरिलला माझ्या गाडीतून आणते."

"ती माझ्याबरोबर येईल," एवढंच ते म्हणाले. मला लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

त्या दिवशी नॉर्मननी स्वतःच्या गाडीचा कागद स्वतः भरला आणि खाली 'नापास' लिहिलं. मी म्हटलं, "अहो, तिचं ऑपरेशन झालंय, तसं शेऱ्यात लिहा की!"

"कागद गाडीचा आहे, बेरिलचा नाही." परीक्षकाचा बिल्ला काढून माझ्या हातात दिला आणि ते तिच्यासाठी दार उघडायला गेले.

अध्यक्षांचे आणि सकाळपासून सँडविच करणाऱ्या मंडळींचे आभार. कोणाचं नाव राहिलं असेल, जीभ जास्त चालली असेल, तर सांभाळून घ्या. आणि बेरिल, मघाशी तू हळूच विचारलंस, "त्याचं पद माझ्यामुळे गेलं ना गं?" हो, तुझ्यामुळेच. बावीस वर्षांत या माणसाला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.