बेटावरची बाई

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठ भूषवणारे आमचे संगीतकार साहेब, त्यांच्या अल्बमवर दोन पानं लिहिणारे समीक्षक महाशय, माझे स्टुडिओतले सहकारी आणि तिसऱ्या रांगेत बसलेली माझी बायको,

आज मी निवृत्त होतोय आणि साहेबांच्या अल्बमला पारितोषिक मिळालंय. दोन्ही समारंभ एकाच चहात उरकले, याबद्दल संस्थेचे आभार.

अल्बम ऐकलात? शेवटपर्यंत? खरं सांगा! पहिल्या दिवशी साहेब मला म्हणाले, "आपल्याला डब करायचंय." मी म्हटलं, "डबा?" ते हसले नाहीत. डब म्हणजे गाण्यातून गाणारा हाकलायचा, ढोल आणि बेस ठेवायचे आणि उरलेलं घुमवत बसायचं. वरून साऱ्या जगाचे ध्वनी भुरभुरायचे. जग फिरायला साहेबांना सवड नव्हती, म्हणून जग आमच्या जुन्या टेपांच्या कपाटातून आलं.

त्यातली एक टेप मी चुकून उलटी चढवली. हो, एकतीस वर्षं रेकॉर्डिस्ट असून! साहेब ओरडले, "हात लावू नका! कुठल्या बेटावरची बाई ही?" मी नोकरदार माणूस, टेप तशीच उलटी फिरू दिली. महाशयांनी लिहिलं, "नामशेष भाषेतला आदिम विलाप." वेष्टनावर छापलं, "गायिका अज्ञात".

महाशय, भाषा आपलीच आहे. टेप सुलटी लावलीत तर ऐकू येईल, "अहो, डबा गार होतोय! त्या यंत्राशीच लग्न करायचं होतंत!" माइक चालू राहिला होता, एवढंच.

हसलात, बरं वाटलं. तीही हसतेय, फक्त आवाज येत नाही. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती पाटीवर लिहून भांडते. जन्मभर परक्यांचे आवाज टिपणाऱ्या या शहाण्यानं बायकोचा आवाज एकदाही मुद्दाम टिपला नाही. याची मला लाज वाटते. तिचा आवाज आता त्या एकाच टेपवर आहे.

मागितली, तर साहेब म्हणाले, "ती आता कलाकृतीचा भाग आहे," आणि टेपांच्या कपाटाला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. वा! बाईचा आवाज चालतो, बाई चालत नाही.

तेव्हा अध्यक्ष महोदय, भेटीचं घड्याळ राहू द्या. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घालावं. साहेबांनी नाही घातलं तरी चालेल. त्यांनी फक्त खिशातली कपाटाची किल्ली काढावी. मला घरी जाऊन बायकोचा ओरडा खायचा आहे.