सासूबाईनं देल्लं धोंड्याचं वाण

मी मूळचा वलगावचा, पण पोट भरलं ते अकोल्यानं, जठारपेठेत पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतो. काय सांगू तुमाले, लोकाइच्या मोटरी चालू करता करता माह्याच दोन्ही किडन्या बंद पडल्या, हप्त्यातून दोन डाव मशीनवर रक्त साफ करा लागे. बायकोची, सुनंदाची किडनी जुळली नाई. तवा तिची माय उभी राह्यली. म्या म्हटलं, आई, हे कसं घेऊ मी? तर म्हणे, जावईबापू, धोंड्याचा महिना हाय, जावयाले वाण द्याच लागते, अनारसे खाऊन कोणी जगते काय? किडनी द्याची परवानगी देणाऱ्या दवाखान्याच्या कमेटीनं तिले फिरून फिरून इचारलं, जबरदस्ती हाय काय, तर तिथंही तिचं हेच.

किडनी लागली, लघवी सुरू झाली, मी रडलो न जी. वर्ष गेलं, तब्येत सुधरली, दुकान सुरू झालं. पण सुनंदाजवळ जाणं होये नाई. आता लाजत नाई, लिहून घ्या. आंग साथ दे नाई, अन् मनात येक आढी बसली होती, पोटात सासूची किडनी घेऊन तिच्याच लेकीजवळ कसं जावं? कोणाले सांगता येते का हे? खाट ओसरीत टाकली. सुनंदा रोज रात्री पाण्याचा तांब्या खाटेजवळ ठेवून जाये, तेच लय लागे. शेवटी बाजारातून ताकदीची पुडी आणली, कोणाले न इचारता. मूर्खपणा, दुसरं काय!

सासूबाई आपरेशनपासून आमच्याकडंच राहे, घ्याच्या आंधीच धुण्यात ते पुडी तिले सापडली. अशी तापली बुढी! म्हणे, असल्या पुडीनं माही किडनी सडवता काय? अन् ओसरीत झोपासाठी देल्ली काय म्या? माह्या पोरीचा संसार राहावा म्हणून देल्ली. म्या पुडी मोरीत सांडून देल्ली.

दुसऱ्या दिवशी मी अन् सुनंदा किडनीच्या डाक्टरीणबाईकडं गेलो. मले वाटलं हासते. बाई म्हणे, लय जणाइले होते हे, पण सांगत कोणी नाई. बीपीची गोळी बदलली, दुसरी येक तपासून देल्ली, म्हणे किडनीले काई होत नाई, भेव सोडा. हळूहळू जमलं, बापा.

आता ओसरीतल्या खाटेवर सासूबाई झोपते. रोज सकाळी चहाची कपबशी हातात घेऊन इचारते, जावईबापू, किडनी बरी हाय ना? मी हो म्हणतो, पण तिचं ध्यान माह्याकडं नसतेच, ते लेकीच्या तोंडाकडं पायते, अन् मंग चहा पेते. देवानं असंच पायत ठेवावं तिले.